एकच्या आळीत

डबा चालू आहे.
हिरवा दिवा, पंख्याची घरघर,
वर हात ठेवला तर सोलापूरच्या मे महिन्यातल्या
पत्र्याहून थोडा थंडच.
फक्त सापडत नाही.
संगणक म्हणतो, या नावाचं इथं कुणी नाही.

आत सगळी डिझाइनं आहेत:
चादरींचे मोर, नॅपकिनच्या काठाची वेल,
आणि हैदराबादच्या एका हॉटेलसाठी काढलेला,
हॉटेलनं न घेतलेला हत्ती.
सोमवारी अक्कलकोट रोडला पंचिंगसाठी फाइल द्यायचीय.
आज शनिवार.

आधी सगळे करतात तेच केलं.
बंद केला, वीसपर्यंत मोजलं, चालू केला.
वायर काढून फुंकर मारली
(कशाला, ते विचारू नका),
वायर बदलली.
हंसिकानं काळी खिडकी उघडून दिली,
तिच्यात त्याचा नंबर टाकून हाक मारली.
चार हाका. चारही वाया.
मामंजी मागावरून ओरडायचे तेव्हा
दुसऱ्या हाकेला अख्खं घर हजर व्हायचं.

हे म्हणाले, जुना झालाय, नवा घे.
हे मागांबद्दलही असंच म्हणतात.

मग रात्री आठवलं.
दिवाळीनंतर घराच्या मधोमध भिंत झाली.
नेटचं कनेक्शन भावजींच्या वाटणीत गेलं,
तरी सहा महिने भिंतीतून झिरपत आलेल्या त्यांच्या नेटवर
आम्ही ढकललं.
बुधवारी साखर पेठेतला केबलवाला आला,
नवा राउटर लावून गेला,
आणि राउटरनं सगळ्यांना नवे नंबर वाटले:
मोबाइलला, टीव्हीला, प्रिंटरला,
मागेल त्याला.

डब्यानं मागितलाच नाही.
त्याला गोवर्धन भावजींनी कधीकाळी
कायमचा पत्ता देऊन ठेवलेला,
शून्याच्या आळीत, पन्नासावं घर.
आम्ही सगळे एकच्या आळीत राहायला आलो,
हा तिथंच बसलाय
दार उघडं टाकून.

अशाला इकडून हाका मारून उपयोग नसतो.
आपणच जावं लागतं.
वायफाय बंद केलं. डब्यातून थेट लॅपटॉपला
एकच वायर.
आणि लॅपटॉपला खोटं सांगितलं,
तू अजून जुन्या आळीतच राहतोस,
एक्कावन्नावं घर, त्याच्या शेजारी.
हाक मारली.
मिलिसेकंद व्हायच्या आत ओ आली.

तेवढ्यात नळाला पाणी आलं, पाच दिवसांनी.
सगळं टाकून पिंप, बादल्या, कुकरसुद्धा भरून घेतला.
ओल्या हातानं परत आले तर
डबा पासवर्ड विचारत थांबलेला.

तो मला कुठं माहीत?
भिंत नऊ इंचांची. पलीकडं त्यांचा मिक्सर ऐकू येतो,
शेंगाचटणी असणार.
तरी मी फोनच केला.
दिवाळीपासून आम्ही फक्त लाइटबिलावर बोलतो.
भावजींनी तेलुगूत सांगितलं
(भांडण मराठीत झालं होतं):
नान्नांच्या मागाचा नंबर, वदिना,
पुढं अम्माचं नाव, मध्ये जागा नको.
तो माग भंगारात जाऊन नऊ वर्षं झाली.
नंबर मलाही पाठ होता.

दार उघडलं.
पत्त्याच्या रकान्यात, कायमचा पुसून
आपोआप निवडलं. जतन करा.
दिवा केशरी झाला, विझला,
मी उगाच श्वास धरून बसले.
मग हिरवा.
एकच्या आळीत, सतरावं घर. चालेल.

वापरकर्त्यांच्या यादीत अजून दोन नावं आहेत.
गोवर्धनसमोर काढून टाका असं बटण आहे,
शेवटचं येणं, दिवाळीच्या आदल्या रात्री.
मी खिडकी मिटली.

मिक्सर थांबला.
सापडला का?
फोनवरून नाही. भिंतीतूनच.
सापडला, मी ओरडले.

जरा वेळानं पुन्हा:
हत्तीपण?

हत्तीपण.