शेपूट

बोल्ट रात्रीच तेलात भिजवून ठेवले होते.
सोहारचं मीठ लोखंडाच्या आत जातं,
दोन उन्हाळ्यांत नटाचे सहा कोपरे
चोखलेल्या गोळीसारखे गोल.

शुक्रवार. पाच वाजता गाडीला अजून हात लावता येतो.
फरशीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर मी,
माझ्यावर ही नऊ वर्षांची, बाराशे सीसीची,
भाजीच्या पिशव्यांपलीकडे काही न वाहिलेली.
हेमांगी म्हणाली, एवढ्याशा गाडीला हूक?
बैल जुंपतोयस की बकरी?

बंदरात मी क्रेनखाली उभा राहून इशारे करतो.
चाळीस फुटी डबे माझ्या दोन बोटांवर उतरतात,
चार कोपरे, चार कुलपं, खटका, पुढचा.
इथे मात्र सायलेन्सरचं एक रबर काढायला
साबणाचं पाणी, शिवी, पुन्हा साबणाचं पाणी,
आणि मग तो नळा छातीवर येऊन टेकला
झोपलेल्या पोरासारखा.

डिक्कीखालच्या पोकळ पट्टीत बोल्ट आतून बसवायचा,
आणि आत हात जात नाही.
म्हणून एका भोकातून पिळलेली तार घालायची,
दुसऱ्यातून काढायची, टोकाला बोल्ट अडकवून
हळू मागे घ्यायची.
हे मला कुणी शिकवलं नाही.
आचऱ्याच्या खाडीत बाबा बिळातून कुर्ली काढायचे,
तारेचा आकडा, धरलेला श्वास,
"ओढू नको, आपणच येतली."
चार आले. पाचवा आत पडला,
अजून आतच आहे, वळणावर खुळखुळतो.

दादकरीम कुंपणावरून थर्मास घेऊन आला.
ट्रेलर त्यानेच काल पिकअपला बांधून आणून दिला,
झाडही आणतो म्हणाला. नको म्हटलं.
त्याचा टॉर्क पाना माझ्या हातात, त्याचं बोट हवेत:
"टक् बोलेगा तो बस. टक् के बाद ताकत नहीं दिखाने का."
टक्.
चौदा वर्षांत इतकं स्वच्छ उत्तर
मला कुठल्या खिडकीवर मिळालं नव्हतं.

पुस्तकात लिहिलंय: बिनब्रेकचा ट्रेलर, साडेचारशे किलो.
तीनदा वाचलं.
आम्ही तीस किलोंची माणसं.
तीस, आणि हातातले सात.
खजूर काढ, चादर राहू दे, बूट पायातच घाल.
गोळ्यावर भार किती येतो ते बघायला
शाल्मलीने तोच काटा आणून खाली सरकवला,
बॅगांचा, काचेला तडा गेलेला.
काट्याला काय. त्याने आकडा सांगितला.

बाबांचा फोन. "गाडयेक शेपूट कित्याक रे?"
झाड आणायचंय म्हटलं.
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

तंकच्चन कायमचा चाललाय कोट्टायमला.
ट्रेलर चाळीस रियाल, कढीपत्ता फुकट,
निळ्या पिंपातला, एकवीस वर्षांचा,
छपराला टेकलेला. विमानात तो कुठे बसणार.
मुळं पिंपाचं बूड फोडून जमिनीत गेलीत.
थोडी कापावी लागतील, म्हणाला,
आणि दाराची कडी तपासायला लागला.

वायरी जोडल्या. शाल्मली मागून ओरडते,
उजवा लागला! ब्रेक लागला!
डावा... डावा नाही!
पुन्हा?
नाही!
तोवर ऊन कुंपण उतरून पान्यांवर आलेलं,
एकही उचलवेना.

म्हणून डावीकडे वळताना मी हात बाहेर काढतो,
कोपरापर्यंत, बंदरातल्यासारखाच.
भट्टीचा वारा बोटांतून जातो.
मागे रिकामा ट्रेलर खडखडत येतोय,
आरशात त्याचा एक कोपरा दिसतो, मग दिसत नाही.
हेमांगी दोरीचं वेटोळं मांडीवर घेऊन बसलीय.
झाड उभं आणायचं की आडवं,
ते अजून ठरलेलं नाही.