चार अंश

होटगी रोडवर बाहेर चव्वेचाळीस.
आत मी कानटोपी, जर्किन,
तोंडातून वाफ काढत डाळिंबांच्या थप्प्या मोजतो.
त्यांची मला काळजी नाही. जाड सालीची जात.

मुश्ताक बागवाननं मात्र औंदा
हिमाचलातून पीच मागवले, साठ पेट्या.
गालावर लव, अंगाला पातळ कागद.
म्हणाला, "नाजूक माल हाय, लई गारठवू नको."
म्हणून मी चारवर ठेवले.
दया आली की माणूस असंच करतो,
ना इकडं ना तिकडं.

तीन आठवड्यांनी पेटी फोडली.
रंग जागच्या जागी. वासही थोडा.
यमूलमामानं एक फळ दोन अंगठ्यांनी उघडलं.
चादरीच्या मागावर तीस वर्षं काढलेला माणूस,
कान गेलेत, बोटं नाहीत.
गर चिमटीत घेऊन चोळला
आणि बहिऱ्याच्या मोठ्या आवाजात ओरडला,
"ह्यात कापूस भरलाय की रे!"

रस आटला नव्हता.
तो गरातच कुठंतरी बांधला गेलेला,
पिळलं तरी सुटेना.

पुढच्या खेपेआधी हिमाचलच्या बागवाल्याला
फोन केला, मोडक्या हिंदीत.
तो म्हणाला, आधी दोन दिवस
विसावर बसू द्या त्यांना.
मग थेट शून्याखाली, गोठायच्या अलीकडं.
मधल्या पायऱ्यांवर फळ उभं करू नका,
तिथंच मरतं ते.

दोन रात्री प्रतवारीच्या खोलीत पेट्या उघड्या.
रखवालदार तीनदा उगाच आत येऊन गेला.
मग उणे अर्धा.
मुश्ताक दाराशी असा उभा
जणू त्याचं लेकरू मी विहिरीत सोडतोय.

चौथा आठवडा सरला. बाहेर काढले, मऊ होऊ दिले.
यमूलमामानं चावा घेतला
आणि ओघळ कोपरापर्यंत गेला.
त्यानं बाही चाटली. बोलला काहीच नाही.

पहाटे सुटी झाली. काटा पुन्हा पाहिला, सवयीनं.
मग फाटकाबाहेर उभं राहून
सिद्रामला फोन लावला, धाकट्याला.
घराच्या वाटणीपासून आम्ही
दिवाळीला "बरंय ना", "बरंय" एवढंच,
कधी आवाज चढला नाही,
कुणी दार आपटलं नाही.
इतकी वर्षं चार अंशांवर.

बराच वाजला. उचलला त्यानं.
"काय रे, इतक्या लवकर? बरंय ना?"
मी म्हटलं, "नाही.
आधी शिवी दे."