पाव इंचाची पटाशी

सोमवारी सकाळी मुख्याध्यापिका बाईंचा निरोप:
वाचनालयातलं सहा नंबरचं टेबल घासून द्या,
गुरुवारी पालक यायचेत.
काय घासायचं, ते निरोपात नव्हतं.

जाऊन पाहिलं. ओकचं लाकूड, माझ्याच हातचं,
शाळेला शंभर वर्षं झाली तेव्हा केलेलं.
त्यावर चार मोडके हात तिरके वळवलेली
नाझी खूण, तळहाताएवढी.
आणि शिफ्रा लेव्हनथाल, नववीतली,
खुणेवर भूगोलाची वही ठेवून बसलेली,
रस्त्यात पडलेल्या माणसाचं तोंड झाकावं तशी.
"शुक्रवारपासून अशीच बसतेय,
कुणाला दिसू नये म्हणून.
आज वाटलं, मी का झाकतेय?"

मी बोटानं कड चाचपली.
बत्तीस वर्षं कनेटिकटच्या या टेकडीवर सुतारकाम शिकवतो.
पोरांचं अक्षर मला ओळखू येत नाही, काप ओळखू येतो.
पाव इंचाची पटाशी. माझ्याच कपाटातली.
धार मी लावलेली, एकही तंतू फाटला नव्हता.
हात डावखुरा, कोपऱ्यावर थांबून मनगट वळवणारा,
मी शिकवलं होतं तसा:
घाई नको, आधी कोपरा, मग पोट.
इतकं स्वच्छ काम कॉर्विननं
पाखरांच्या पेटीवरही केलं नव्हतं.

एक रात्र मी गप्प राहिलो.
त्याचा बाप शाळेच्या मंडळावर, हे एक.
पोरगा मला आवडायचा, हे दुसरं.
दुसरं जास्त जड होतं.
मंगळवारी जाऊन नाव सांगितलं.

मग सभा झाली, निवेदन झालं.
"आपल्या शाळेत अशा गोष्टींना थारा नाही."
ज्या टेबलानं थारा दिला त्याच्यावर चादर.
शिफ्राला विचारलं, व्यासपीठावर दोन शब्द बोलशील?
"मला धडा नाही व्हायचं," ती म्हणाली.
"योम किप्पूरला दरवर्षी गणिताची चाचणी असते, ती हलवा.
दोन वर्षं उपाशीपोटी बीजगणित सोडवलंय मी.
आणि जेवणघरात कुणी जगातल्या सगळ्या युद्धांचा
हिशोब माझ्याकडे मागतं,
तेव्हा एखाद्या मोठ्या माणसानं ताटातून मान वर करावी."
बाईंनी लिहून घेतलं. चाचणी हलली.
माना अजून मोजतोय. माझी धरून तीन.

ऑक्टोबरात ती वर्कशॉपमध्ये आली.
मागच्या हिरवळीवर सुक्का उभारायचा होता, सणाचा मांडव.
मी सवयीनं चूल-सांधे आखायला घेतले.
"इतकं पक्कं नको, सर. आठवड्यानं उतरवायचाय.
आणि छपरातून तारे दिसायला हवेत,
पाऊस आला तर आत यायला हवा."
जन्मभर मी पाणी बाहेर ठेवणारी छपरं शिकवली.
मक्याची ताटं पसरताना हात दोनदा चुकला,
सवयीनं दाट घालत गेला. तिनं विरळ केली.

अकरा जण आले. बसचा ड्रायव्हर आला.
फ्रेंचचे मिस्टर ऑर्बाख आले, उंबऱ्याशी रेंगाळले,
मग हिब्रूतून चार शब्द पुटपुटले.
एकोणीस वर्षं आम्ही शेजारी बसून डबा खाल्ला होता,
मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.
"सोयीचं होतं," ते म्हणाले. कुणाच्या, ते नाही म्हणाले.

कॉर्विन सायकलींच्या स्टँडपाशी उभा होता.
शिफ्रानं बोलावलं नाही.
बोलवायला हवं होतं असं ज्यांना वाटतं
त्यांनी आधी सहा नंबरला एक तास बसून पाहावं.

टेबल त्यानंच घासलं. यंत्र मी दिलं नाही,
नुसता कागद, आठ दुपारी, भुसा नाकातोंडात.
काप खोल होता, तेवढं लाकूड जायलाच हवं होतं.
आता तिथे बशीएवढा खळगा आहे.
नवी पोरं विचारतात, सर, हे टेबल असं कसं?
पेन कुठेही ठेवा,
घरंगळत तिथेच येऊन थांबतं.