खरी नक्कल

पन्नासच्या आधीचा कागद आणा, म्हणाले डेहणकर बाबू,
नाहीतर पोरीचा फॉर्म वापस येईन.
मी म्हटलं, बाबूजी, पन्नासच्या आधी
आमच्याजवळ एक गाय होती, शिकवलेली.
तिच्या आडोशानं आजा तितरापर्यंत जायचा.
कागद नव्हता.

शाळेचा दाखला?
शाळेच्या भिंतीच्या सावलीतही बसू देत नसत.
सातबारा?
यावर ते स्वतःच हसले.
मग चष्मा पुसत, हळूच:
ठाण्यात पाहा ना बाई.
तुमच्या लोकायचं सारं ठाण्यातच असते.

ठाण्यामागं बाभळी, जप्तीच्या सायकली,
एक खोली, एक कपाट.
मोडी वाचणारे पांढरीपांडे गुरुजी
फक्त बुधवारी येतात, यवतमाळच्या गाडीनं.
दोन बुधवार बुडाले माझे, दोन दिवसांची निंदणी.
तिसऱ्या बुधवारी त्यांनी दुपट्ट्यानं धूळ झटकली
आणि वाचलं:

धनक्या वल्द सोन्या.
जात फासेपारधी. उंची पाच फूट दोन.
खूण, डाव्या कानामागं डाग.
धंदा, चोरी.

खाली दहा बोटं, काळी,
चिखलात तितरं चालून गेल्यासारखी.
मला आज्याचा चेहरा आठवत नाही नीट.
बोटं ओळखली मी.

बायको एक. नाव लिहिलेलं नाही.
मुलगा एक, वय दीड वर्ष.
धंदा…
गुरुजी थांबले.
वाचा, म्हटलं मी.
वरीलप्रमाणे, म्हणाले ते.

दीड वर्षाचा माझा बाप.
तेव्हा त्याला पाय फुटले होते का,
ते रजिस्टरात नाही.

पुढं नुसती हजेरी.
रात्रीतून तीन खेपा, पोलीस पाटलाच्या ओट्याखाली,
पावसात, थंडीत, बायको बाळंत होत असताना.
पानामागून पान बरोबरच्या खुणा.
एका रात्री फुली.
त्या रात्रीचं आत्यानं सांगितलं होतं मला:
पोरगं तापानं फणफणलं,
आजा पासाविना नाला ओलांडून
औषधाला गेला.
ताप उतरला.
फुलीसमोर लिहिलंय, तीन महिने सक्तमजुरी.

बावन्न साली कायदा उठला म्हणतात.
बेड्यावर कोणी सांगायला आलं नाही.
आजा मरेपर्यंत रात्री दोनला उठून बसायचा
आणि अंधाराला म्हणायचा, हजर.
बाप दुकानात शिरताना दोन्ही हात पुढं धरायचा,
उघडे,
जशी न दिसणारी परात वाहून आणतोय.
आम्ही पोरं हसायचो त्याला.

आणि मी पावत्या ठेवते.
कुकरची, सायकलची, रोशनाच्या तोरड्यांची.
बकरीचीसुद्धा आहे, विकणाऱ्याचा अंगठा घेऊन.
गावात कोणाचा मोटारपंप गेला
की जीप आधी आमच्याकडं वळते,
रस्ता तिला पाठ आहे.
मी पन्नी उचलते, दारात बसते,
एकेक पावती मातीवर मांडते, वर खडा ठेवते.
हवालदार कधी वाचतात, कधी लाथेनं उडवतात.
मी वेचून पुन्हा लावते. तारखेनं.

बाबूंनी झेरॉक्सवर शिक्का मारला:
खरी नक्कल.
खाली सही केली, तारीख टाकली,
आता झालं पाहा तुमचं काम, म्हणाले.
चांगला माणूस आहे. चहाही पाजला.

बाहेर पायरीवर रोशनानं फॉर्म मांडीवर घेतला.
नर्सिंगला लावायचंय तिला, हात हलका आहे.
एक रकाना रिकामा होता,
पालकाचा व्यवसाय.
आधी बापाचा, त्याखाली माझा.
तिनं वर लिहिलं, शेतमजुरी.
खाली पेन टेकवला, थांबली.
दोघांचं सारखंच आहे ना आई, म्हणाली,
मी इथं वरील…
नाही, म्हटलं मी.
पूर्ण लिही. अक्षर न् अक्षर.

मग झेरॉक्सवाल्याकडं गेले, पावती मागितली.
दोन रुपयाची कायची पावती वं बाई,
तो म्हणाला, मागं गिऱ्हाइकं थांबलेली.
मी काउंटरवर हात ठेवून
उभीच राहिले.