दुपारी दोननंतर

औलू, नोव्हेंबर. खिडकीबाहेर उणे अकरा.
टेबलावर सात फोन ओळीनं पालथे घातलेत,
वाळत घातलेल्या मासळीसारखे.
प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी, पट्टीवर माझं गिचमिड अक्षर:
वायफाय चालू. वायफाय बंद. ब्लूटूथ एकटं. विमान मोड.
आणि अगदी कडेचा सातवा, ज्याचं सगळंच उघडं,
दारं-खिडक्या सताड.

माझं काम एवढंच: काही न करणं
आणि ते किती महाग पडतं ते मोजणं.

रात्रभर कुणी कुणाला फोन करत नाही.
सकाळी विमान मोडवाला नव्याण्णववर, गाढ झोपून उठलेला.
सातवा एकसष्टवर, हाताला कोमट, जागरण झाल्यासारखा.
नोंद उघडते: तीन वाजून बारा मिनिटांनी जागा झाला,
तीन चौदाला, तीन सोळाला,
दर दोन मिनिटांनी उंबऱ्यापर्यंत जाऊन
बाहेर डोकावून परत आला.
बोलण्यानं इतकी खर्चत नाही बॅटरी.
खर्चते हाका मारण्यानं, आणि त्याहून
कुणी ओ देईल म्हणून कान टवकारून बसण्यानं.

तूरे म्हणतो, बीटा आहे, चालायचंच.
अर्धवट भाजलेल्या पावाला
कच्चा का म्हणून विचारू नये.

आठवा फोन टेबलावर नाही.
तो हाइलुओतो बेटावर, बाबांच्या खिशात.
ऑक्टोबरात मीच त्यात ही आवृत्ती घातली.
खरा वापरणारा माणूस हवाय आम्हाला, म्हणाले,
आणि बाबा म्हणाले, घाल, माझं काय जातंय.
छत्तीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनाशेजारी उभं राहून
दोन्ही कान गेलेत त्यांचे.
आता त्या कानांत यंत्रं, वाटाण्याएवढे दोन राखाडी दाणे,
जे आधी फोनशी बोलतात, मग बाबांशी.

त्याच महिन्यापासून
दुपारी दोननंतर बाबा गप्प व्हायला लागले.
नुसतं हं. मग हं पण नाही.
मी माझ्यापुरता हिशेब मांडत बसले:
उन्हाळ्यात गेले नाही म्हणून?
आईची होडी विकू या म्हणाले म्हणून?
हो, होडीच. नक्की होडी.
आणि रुसलेल्या माणसाची समजूत काढत
मी रोज दुपारी बोलत राहिले, बोलत राहिले.

गुरुवारी आठव्या फोनची नोंद आली.
कॉफी गार होईपर्यंत वाचली.
दर चार सेकंदांनी फोन दाण्यांना विचारत होता, आहात का?
दाणे सांगत होते, आहोत.
फोनला ऐकू जात नव्हतं.
आहात का? आहोत. आहात का? आहोत.
सकाळी सातपासून हे असं,
आणि एक वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी
डावा दाणा शून्यावर. दोन वाजून तीन मिनिटांनी उजवा.

मधली पाच मिनिटं एका कानानं
त्यांनी माझ्या फोनची वाट पाहिली का,
हे नोंदीत नसतं.

शेवटच्या फेरीबोटीनं गेले.
बर्फ अजून पापुद्र्याएवढा, बोटीखाली कडाकडा मोडत होता.
बाबा स्वयंपाकघरात माशाचे खवले काढत बसलेले,
रेडिओ बंद, दिवा चालू.
मी त्यांच्या खिशातून फोन काढून घेतला,
जुनी आवृत्ती परत घातली,
दाणे चार्जरच्या डबीत ठेवले,
दुसरी सुरी शोधली,
आणि दोघांनी न बोलता मासे साफ केले.
किती वेळ, ते मोजलं नाही.

डबीवर हिरवा ठिपका.
दाणे कानात घालून त्यांनी मान जराशी कलती केली,
इंजिनापाशी करायचे तशी.
सांगितलं का नाहीत, मी ओरडले.

ओरडतेस कशाला, बाबा म्हणाले.
मला वाटलं, हाही तुझ्या चाचणीचाच भाग.
आणि होडीचं काहीतरी म्हणत होतीस मागे,
ते मला नीट ऐकू आलं नाही.