पेटी ज्या वाटेनं आली

माझ्या लग्नाची पेटी बैलांनी ओढत आणली,
चाकं नसलेल्या घसरगाडीवरून,
टेकाडावरून थेट खाली, सासरच्या दारात.
आत दोन घोंगड्या, एक किटली, आईचा आरसा.
गवतावर ओरखडा उमटला, बोटभर.
सगळे म्हणाले, वाट चांगली पडली.

मग त्याच वाटेनं सरपण आलं,
कुणाच्या छपराचे वासे आले,
गुरं पाण्यावर गेली, पाण्यावरून आली,
मीही गेले, डोक्यावर बादली घेऊन, रोज दोनदा.
जानेवारीत गारा कोसळल्या
आणि पाण्याला वाट आयती मिळाली.

आधी मी ती सहज ओलांडायची.
लिपुओ पोटात होती तेव्हा जपून.
धाकटा झाला तेव्हा फळी टाकली.
मग फळी पुरेना.

आमच्या लेसोथोत अशा घळीला डोंगा म्हणतात.
पलीकडच्या मालेरातोशी मी आता ओरडून बोलते.
चिमूटभर मीठ मागायचं तर अर्ध्या तासाचा वळसा.
आणि ओरडून सगळंच थोडं सांगता येतं?

मोहाऊ तेव्हा वेल्कोमच्या खाणीत.
त्यानं लिहिलं, आम्ही जमिनीखाली दोन किलोमीटर आहोत.
मी कळवलं, इथंही खोदकाम चालू आहे,
मजुरी नाही.

माणसं गेली ती सीमेपलीकडं.
माती गेली तीही तिकडंच,
सेंकू नदीच्या तांबड्या पाण्यातून.
माणसांनी पैसे तरी पाठवले.

सभेत सगळ्यांनी पावसाला शिव्या दिल्या.
मीही दिल्या.
झुडपं मुळासकट मीच उपटली होती,
शेतात जायचं शेण थापून चुलीत घातलं होतं.
कापणी झाली की धाटांसकट रान गुरांना मोकळं.
आणि वरच्या अंगाचा लेफा,
त्याचा नांगर उताराच्या तोंडानंच चालायचा,
बैल म्हातारे, तो तरी काय करणार.

माफेतेंगहून लिनेओ नावाची मुलगी आली.
म्हणाली, ही धूप.
धूर नाही, वास नाही,
आणि जमीन धुपतच होती.

तिनं तीन काठ्या बांधल्या, मधे दोरी, दोरीला दगड.
दगड मधोमध थांबेल तिथं खुंटी.
खुंट्यांची ओळ निघाली सापासारखी वाकडी.
लोक हसले, सरकारला सरळ रेघ येत नाही!
तिनं घागर ओतून दाखवली.
पाणी रेघेवर आलं, जरा गोंधळलं,
आणि मुरलं.

पहिला दगडी बांध एका रात्रीत गेला.
काठात दात रोवलेच नव्हते त्याचे.
दुसऱ्याला रोवले, मधे खोलगट ठेवला
(पाण्यालाही दार लागतं),
काठावर कोरफड, तळाशी गवताची ठोंबं.
दगड वाहून माझी दोन नखं काळी पडली.
मालेरातो पलीकडून रचत आली, मी अलीकडून.
मधे भेटलो तेव्हा बोलायला काहीच सुचेना,
तिनं तपकिरीची डबी पुढं केली.

तिसऱ्या वर्षी बांधामागं गाळ साठला,
कोपरापर्यंत हात जाईल इतका.
मी भोपळा लावला.
वेल बघून लेफा आला, ढकलगाडी घेऊन.
ही माझी माती, तो म्हणाला, माझ्या शेतातली,
रंगावरून ओळखतो मी.
खोटं नव्हतं.

पाच खेपा नेल्या त्यानं.
मी वेलाखालची तेवढी अडवली, बाकी नेऊ दिली.
चाक रुतायचं, तो थांबायचा, धापा टाकायचा,
मला न विचारता लिपुओ मागून ढकलू लागली.
मी कोरफडीजवळ बसून बघत राहिले.
चाळीस वर्षांत
माती चढ चढताना पहिल्यांदाच बघत होते.