पोटातलं साल

पांढरकवड्याच्या नाक्यावर
उईके मिस्त्रीनं अँबेसिडरचं बॉनेट उचललं,
बिडी विझवली, कान लावला.
"ही शहात्तरची नाई."

मी आरसी बुक पुढं केलं.
"कागद रायते तसाच.
शहात्तरले डायनमो. इथं अल्टरनेटर बसते,
पाह्य, ब्रॅकेटच येगळं."

पण बाबा तर शेवटपर्यंत सांगायचे,
पहिलंच इंजिन, एकदाही उतरवलं नाही.

मिस्त्री चिंधीनं हात पुसत राहिला.
नखांतलं काळं काही निघेना.
"पाणी टाकाचं इसरला थो. ब्लॉक तडकला.
मीच बसवलं हे, रातच्या रात.
पोट्ट्याले सांगू नोको म्हणे."

दर दहा कोसांवर गाडी थांबवून
बाबा रेडिएटरचं झाकण उघडायचे,
चटका बसला
तरी.